एकही रेकॉर्ड बंद न करणारी कंपनी

न्यूयॉर्कच्या एका रेकॉर्ड कंपनीची जुनी यादी वाचायला घेतली की माणूस चक्रावतो. उत्तर अमेरिकेतल्या बेडकांचे आवाज, १९५८. कचेरीतले आवाज, १९६४. भंगाराच्या आवारातले आवाज, तेही १९६४. स्वरयंत्र काढून टाकल्यावर पुन्हा बोलायला शिकलेल्या माणसांचं बोलणं, साल तेच. वाफेच्या इंजिनांची धडधड. आणि याच यादीत लेडबेली, वुडी गथ्री, पीट सीगर हे लोकगायक आहेत, केंटकीच्या डोंगराळ भागातले गायक-वादक आहेत, कवी लँग्स्टन ह्यूज आहेत. विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी वयाच्या नव्वदीनंतर सांगितलेलं आत्मकथन आहे, १९६५ च्या सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चात लोकांनी म्हटलेली गाणी आहेत.

ही कंपनी म्हणजे फोकवेज रेकॉर्ड्स. १९४८ ते १९८६ या ३८ वर्षांत तिने २,१६८ रेकॉर्ड काढल्या. म्हणजे आठवड्याला एकीहून थोड्या जास्तच. पाठीशी मोठं भांडवल नव्हतं, स्वतःचा कारखाना नव्हता, जाहिरातीवर खर्च जवळजवळ नव्हता. मॅनहॅटनमध्ये काही खोल्यांची कचेरी होती आणि कामाला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी माणसं. या कंपनीचा एक नियम होता: एकदा काढलेली रेकॉर्ड यादीतून काढायची नाही. वर्षाला चार प्रती खपल्या तरी मागणाऱ्याला ती मिळाली पाहिजे.

छोटी रेकॉर्ड कंपनी कशी चालवावी, हा प्रश्न आज आपल्याकडे अनेक तरुण संगीतकारांना पडतो. ध्वनिमुद्रणाची साधनं घरात आली आहेत, गाणं जगभर पोचवायला एक संध्याकाळ पुरते. तरी कंपन्या निघतात आणि पाच-सात वर्षांत विरून जातात. म्हणून फोकवेजची गोष्ट मुळापासून पाहण्यासारखी आहे. माझं मत आधीच सांगतो. छोट्या कंपनीची खरी मिळकत म्हणजे तिची यादी. ती यादी जिती ठेवायची तर मोठं होण्याचा मोह आवरावा लागतो. हे फोकवेजचे संस्थापक मोझेस ॲश एकदा दिवाळं काढून शिकले.

कादंबरीकाराचा मुलगा, रेडिओचा कारागीर

मोझेस ॲश यांचा जन्म १९०५ मध्ये वॉर्सात झाला. वडील शोलेम ॲश हे यिद्दिश भाषेतले नामवंत कादंबरीकार आणि नाटककार. कुटुंब आधी पॅरिसला आणि मग पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कला आलं. घर साहित्यिकांनी भरलेलं असायचं, पण मुलाचं मन रमलं ते तारा, बॅटऱ्या आणि रेडिओत. विशीच्या आतबाहेर तो जर्मनीत बिंगेन इथे विद्युतशास्त्र शिकायला गेला.

तिथली एक आठवण ॲश पुढे आयुष्यभर सांगत. वेगवेगळ्या देशांतून आलेले विद्यार्थी आपापली लोकगीतं म्हणायचे आणि अमेरिकेला लोकसंस्कृतीच नाही म्हणून या मुलाला हिणवायचे. त्यानंतर पॅरिसमध्ये पुस्तकं चाळताना त्याच्या हाती जॉन लोमॅक्स यांचा १९१० सालचा गुराख्यांच्या गाण्यांचा संग्रह लागला. अमेरिकेलाही स्वतःचं गाणं आहे आणि ते साध्या माणसांच्या तोंडी आहे, ही खात्री त्या पुस्तकाने दिली.

न्यूयॉर्कला परतल्यावर ॲश यांनी रेडिओ दुरुस्तीचं आणि ध्वनिवर्धक बसवण्याचं दुकान थाटलं. यिद्दिश कार्यक्रम लावणाऱ्या डब्ल्यूईव्हीडी या नभोवाणी केंद्राचं तांत्रिक काम त्यांच्याकडे आलं. केंद्राला वाजवायला यिद्दिश रेकॉर्ड कमी पडायच्या आणि मोठ्या कंपन्यांना त्या काढण्यात रस नव्हता. तेव्हा स्वतःच काढाव्यात म्हणून १९४० च्या सुमाराला ॲश रेकॉर्ड्स सुरू झाली. याच काळात वडिलांबरोबर ते प्रिन्स्टनला अल्बर्ट आइन्स्टाइन यांचं निवेदन मुद्रित करायला गेले होते. आपल्या काळातल्या आवाजांची नोंद ठेवण्याचं हे काम करत राहा असं आइन्स्टाइननी आपल्याला सांगितलं, असं ॲश म्हणत.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं: ॲश संगीतकार नव्हते आणि व्यापारीही नव्हते. ते आवाजाचे कारागीर होते. गाणाऱ्यासमोर एक मायक्रोफोन नीट लावायचा, आवाजात शक्य तितकी कमी ढवळाढवळ करायची आणि जे घडलं ते तबकडीवर उतरवायचं, ही त्यांची रीत. तिच्यातून खर्च वाचला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या रेकॉर्डना एक खरेपणा आला, आणि तो सत्तर-ऐंशी वर्षांनीही कानाला जाणवतो.

लाखेची टंचाई आणि पहिलं दिवाळं

त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड लाखेपासून बनत. आपल्याकडे पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे पोसले जातात आणि जगाला लागणारी बहुतेक लाख भारतातून जाई. दुसऱ्या महायुद्धात सागरी वाहतूक धोक्यात आली, लाख युद्धसामग्रीसाठी हवी झाली, आणि अमेरिकन सरकारने रेकॉर्ड कंपन्यांच्या वापरावर कडक मर्यादा घातली. नव्या कंपनीला हिस्सा मिळणं अवघडच होतं. ॲश यांनी मग स्टिन्सन या जुन्या कंपनीशी भागी केली. तिच्याकडे लाखेचा वाटा होता, ॲशकडे गायक होते.

त्याच वेळी दुसरी एक घडामोड छोट्यांच्या पथ्यावर पडली. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. व्हिक्टर आणि कोलंबिया या दोन मोठ्या कंपन्यांचं या संघटनेशी जमायला १९४४ चा नोव्हेंबर उजाडला. ॲशच्या खोलीत येणारे लोकगायक बहुधा या संघटनेचे सभासदच नव्हते. ते गात राहिले.

१९४१ मध्ये लेडबेलीने ॲशसाठी पहिली रेकॉर्ड केली, तीही लहान मुलांच्या खेळगाण्यांची. ह्यूडी लेडबेटर हे त्याचं खरं नाव. लुइझियानाचा कृष्णवर्णीय गायक, बारा तारांच्या गिटारचा बादशहा. खुनासाठी तुरुंग भोगून आलेला माणूस मुलांसाठी गातो, यावरून टीका झाली. ॲश हलले नाहीत. एप्रिल १९४४ मध्ये वुडी गथ्री आपला मित्र सिस्को ह्यूस्टन याला घेऊन आला. दोघेही व्यापारी जहाजांवर कामाला होते. थोड्या दिवसांत त्यांनी शंभराहून जास्त गाणी मुद्रित केली. आज अमेरिकेतल्या शाळांतून जवळजवळ राष्ट्रगीतासारखं म्हटलं जाणारं 'धिस लँड इज युअर लँड' हे त्याच दिवसांत पहिल्यांदा तबकडीवर आलं.

युद्ध संपलं आणि ॲशना वाटलं, आता विस्तार करावा. त्यांनी डिस्क रेकॉर्ड्स नावाची नवी कंपनी काढली. देखणी कव्हरं, मोठी नावं, जॅझचे महागडे संच. नॉर्मन ग्रँझ यांच्या 'जॅझ ॲट द फिलहार्मोनिक' या मैफलींचे पहिले संचही ॲशनीच काढले होते. खर्च वाढला, कर्ज वाढलं. नाताळसाठी नॅट किंग कोल यांच्या रेकॉर्डचा मोठा साठा काढला आणि बर्फाच्या वादळात तो वेळेवर दुकानांत पोचलाच नाही, असं या दिवाळखोरीचं कारण सांगितलं जातं. नाताळ उलटल्यावर नाताळचा माल घेणार कोण?

वादळ निमित्त झालं. मूळ चूक हिशेबात होती. मोठं गाजणाऱ्या रेकॉर्डवर बाजी लावणाऱ्या कंपनीला आधी भरपूर प्रती काढाव्या लागतात. कारखान्याचं बिल आधी येतं. घाऊक विक्रेता पैसे महिनोन्महिने उशिरा देतो आणि न खपलेला माल परत पाठवतो. मोठ्या कंपनीला एक रेकॉर्ड पडली तर दुसरी सावरते. छोट्या कंपनीला एकच पडलेली पुरते. खपणाऱ्या रेकॉर्डनेही छोटी कंपनी बुडू शकते, कारण मागणी वाढली की पुढच्या प्रतींसाठी रोख पैसा आधीच्या प्रतींचे पैसे येण्याआधी लागतो. हे गणित आजही बदललेलं नाही.

शंभर-दोनशे प्रतींचं गणित

दिवाळखोरीनंतर ॲशना स्वतःच्या नावावर लगेच धंदा काढता येईना. त्यांची सहकारी मॅरियन डिस्टलर हिने १९४८ मध्ये आपल्या नावावर फोकवेज रेकॉर्ड्स काढली आणि ॲशना सल्लागार म्हणून कामावर ठेवलं. फोकवेजचा इतिहास सांगताना या बाईंचं नाव बहुधा ओझरतं येतं, ते मला पटत नाही. १९६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत कंपनीचा रोजचा कारभार त्यांनी सांभाळला. पत्रं, बिलं, वसुली, कारखान्याशी बोलणी हे सगळं त्यांच्याकडे होतं. छोट्या कंपनीत कलेचा कान एकाकडे असतो आणि हिशेबाची वही दुसऱ्याकडे. ही वही सांभाळणारा माणूस गेला की कंपनी लंगडी होते.

१९४८ हे साल तंत्राच्या दृष्टीनेही मोक्याचं ठरलं. त्याच वर्षी जूनमध्ये कोलंबियाने ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले रेकॉर्ड बाजारात आणली. लाखेची तबकडी जड, ठिसूळ आणि एका बाजूला तीन-चार मिनिटांत संपणारी. नवी तबकडी विनाइलची, हलकी, टपालाने धाडता येणारी, बाजूला वीसेक मिनिटं वाजणारी. त्याच सुमाराला टेपरेकॉर्डरही हाताशी आला. प्राध्यापक, मानववंशशास्त्रज्ञ, प्रवासी, हौशी संग्राहक खेड्यापाड्यांत जाऊन टेप भरून आणू लागले. हे सामान घेऊन जायचं कुठे? तर ॲशकडे. थोडीशी रक्कम आगाऊ देऊन ते टेप घेत आणि काही आठवड्यांत रेकॉर्ड निघे. हैतीपासून इंडोनेशियापर्यंत शेकडो प्रदेशांचं संगीत असंच यादीत आलं. हॅरॉल्ड कोरलँडर यांनी संपादित केलेली जगभरच्या लोकसंगीताची मालिका याचं ठळक उदाहरण.

आता आतलं गणित पाहू. रेकॉर्ड काढायला आधी मूळ तबकडी कोरावी लागते, तिच्यावरून धातूचे ठसे करावे लागतात, आणि त्या ठशांनी कारखान्यात प्रती दाबल्या जातात. खरा खर्च ठशांपर्यंतचा. एकदा ठसे तयार झाले की हव्या तेव्हा थोड्या प्रती काढता येतात. ॲश सुरुवातीला काहीशेच प्रती काढत. त्या संपत आल्या की पुन्हा थोड्या. गोदामात माल पडून राहत नसे, भांडवल अडकत नसे.

कव्हरची युक्ती तर प्रत्येक छोट्या प्रकाशकाने शिकावी अशी. सगळ्या रेकॉर्डना जाड, काळं, खरखरीत पुठ्ठ्याचं एकाच तऱ्हेचं कव्हर. त्यावर एक-दोन रंगांत छापलेला कागद चिकटवायचा. कोरी काळी कव्हरं कुठल्याही रेकॉर्डला चालत, त्यामुळे एखादी रेकॉर्ड खपली नाही तरी कव्हरं वाया जात नसत. या काटकसरीतून एक ओळखही तयार झाली. रोनाल्ड क्लाइन या चित्रकाराने फोकवेजसाठी पाचशेहून अधिक कव्हरं केली. मोजके रंग, नेमका फोटो, रेखीव अक्षरं. आज ती ग्राफिक कलेच्या अभ्यासात दाखवली जातात.

कव्हरच्या आत एक पुस्तिका असे. गाणं कोणी म्हटलं, कुठे, केव्हा, वाद्य कोणतं, शब्द काय, अर्थ काय. मोठ्या कंपन्या हे देत नसत. शाळा, महाविद्यालयं आणि ग्रंथालयं यांना नेमकं हेच हवं होतं. फोकवेजच्या रेकॉर्डची किंमत इतरांपेक्षा चढी होती, तरी ग्रंथपाल ती देत. नभोवाणीवर वाजावी म्हणून कुणाच्या हातापाया पडावं लागत नसे. कंपनी यादी छापे आणि टपालाने धाडे. यादीतूनच मागणी येई.

दोन हजार रेकॉर्डपैकी प्रत्येकीच्या वर्षाला थोड्याशा प्रती गेल्या तरी मिळून कंपनी चालेल एवढे पैसे येतात. एखादी रेकॉर्ड चाळीस वर्षं खपत राहिली तर तिचा ठशाचा खर्च कधीच फिटलेला असतो. म्हणून ॲश यांच्या दृष्टीने रेकॉर्ड बंद करणं हा धंद्यातलाही मूर्खपणा होता. ते म्हणायचे, क्यू हे अक्षर कमी वापरात येतं म्हणून कुणी ते वर्णमालेतून काढून टाकतं का? त्यांना जगातल्या आवाजांचा कोश करायचा होता, आणि कोशातून नोंदी गाळत नसतात.

ज्यांना दुसरीकडे दार नव्हतं

लेडबेलीच्या शेवटच्या ध्वनिमुद्रणाची हकिकत या कंपनीचं मोल सांगते. १९४८ च्या शरदात जॅझचे अभ्यासक फ्रेडरिक रॅमसे यांनी आपल्या घरी त्याला बोलावलं आणि नव्याने आलेला टेपरेकॉर्डर लावला. तोवर तीन मिनिटांत गाणं संपवायची सवय लागलेला हा गायक पहिल्यांदाच वेळेचं बंधन नसताना गायला. मध्ये बोलला, आठवणी सांगितल्या, एका गाण्यातून दुसऱ्यात गेला. डिसेंबर १९४९ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याचं 'गुडनाइट, आयरीन' हे गाणं वीव्हर्स या चौकडीने म्हटलं आणि ते देशभर पहिल्या क्रमांकावर गेलं. ते ऐकायला तो नव्हता. पण त्याचा स्वतःचा आवाज, त्याच्या बोलण्यासह, फोकवेजने १९५३ मध्ये काढला आणि तो आजही मिळतो.

एलिझाबेथ कॉटन या सीगर कुटुंबाच्या घरी स्वयंपाकपाणी करायच्या. लहानपणी शिकलेली गिटार संसारात सुटली होती. त्या घरात वाद्यं होती, हात पुन्हा वळले. डावखुऱ्या असल्याने त्या गिटार उलटी धरत, आणि त्यातून बोटांची एक वेगळीच चाल तयार झाली होती. घरातला मुलगा माइक सीगर याने त्यांचं वादन-गायन मुद्रित केलं आणि १९५८ मध्ये फोकवेजने ते काढलं. तेव्हा त्या साठी ओलांडलेल्या होत्या. त्यानंतर पुढची पंचवीस-तीस वर्षं त्या मंचावर गाजल्या. त्या काळात कोणत्या मोठ्या कंपनीने अशा बाईंची रेकॉर्ड काढली असती?

शिकागोच्या एला जेन्किन्स यांनी १९५७ मध्ये मुलांसाठी पहिली रेकॉर्ड केली. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, अशी साधी गाणी. या कंपनीच्या इतिहासात सर्वांत जास्त खप त्यांच्या रेकॉर्डचा झाला. मुलं मोठी होतात, नवी मुलं येतात, बालवाड्या रेकॉर्ड मागवत राहतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी त्या गेल्या, तेव्हाही त्यांची सगळी गाणी उपलब्ध होती.

आणि मग राजकारण. १९५० च्या दशकात डाव्या विचारांच्या कलावंतांची नावं काळ्या यादीत गेली. पीट सीगर यांना १९५५ मध्ये संसदेच्या समितीपुढे उभं केलं गेलं. दूरचित्रवाणीची दारं त्यांना वर्षानुवर्षं बंद झाली. फोकवेजचं दार उघडं राहिलं. या पडत्या काळात सीगर यांनी ॲशसाठी रेकॉर्डमागून रेकॉर्ड केल्या आणि शाळा-महाविद्यालयांतून गात ते तगले. छोट्या कंपनीला कुठल्या प्रायोजकाची मर्जी राखायची नसते, भागधारकांना जाब द्यायचा नसतो. या स्वातंत्र्याची किंमत अशा वेळी कळते.

जमेची आणि खर्चाची बाजू

१९५२ मध्ये फोकवेजने एक संच काढला. हॅरी स्मिथ हा चित्रकार, चित्रपटकार आणि झपाटलेला संग्राहक आपल्या ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्ड विकायला ॲशकडे आला होता. विकू नकोस, त्यातून एक संकलन कर, असं ॲशनी त्याला सुचवलं. त्यातून 'अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक' तयार झाली. सहा लाँग प्ले रेकॉर्ड, ८४ गाणी. सगळी १९२७ ते १९३२ या काळात मोठ्या कंपन्यांनीच बाजारात आणलेली. महामंदीत खप कोसळल्यावर त्या कंपन्यांनी ती टाकून दिली होती. गोऱ्या आणि काळ्या गायकांना बाजाराने वेगळ्या खणांत ठेवलं होतं, स्मिथने ते खण मोडून गाणी एकत्र लावली.

या संचाने एका पिढीचे कान घडवले. मिसिसिपी जॉन हर्ट यांच्या १९२८ सालच्या दोन रेकॉर्ड त्यात होत्या. ऐकणाऱ्यांना वाटे, हा माणूस कधीच गेला असेल. १९६३ मध्ये तो मिसिसिपीतल्या ॲव्हलॉन गावी जिवंत सापडला आणि त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारो लोकांसमोर गायला. बॉब डिलन तरुणपणी न्यूयॉर्कला आला तेव्हा आपली रेकॉर्ड फोकवेजनेच काढावी अशी त्याची इच्छा होती, हे त्याने आत्मचरित्रात लिहिलं आहे.

पण या संचासाठी मूळ कंपन्यांची परवानगी ॲशनी घेतली नव्हती. टाकून दिलेल्या गोष्टीवर लोकांचा हक्क असतो, अशी त्यांची भूमिका होती. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत ती भूमिका मी समजू शकतो. गायकांच्या बाबतीत ती पुरेशी नाही. फोकवेजच्या स्वतःच्या कलावंतांचीही तक्रार असायची की सुरुवातीला थोडे पैसे मिळतात आणि मग रॉयल्टीचा पत्ता नसतो. काहींना अडीअडचणीत ॲश खिशातून पैसे देत, गथ्री आणि लेडबेलीला त्यांनी असा आधार दिल्याचं प्रसिद्ध आहे. तरीही खिशातून दिलेली मदत आणि हक्काचा हिशेब यांत फरक आहे. मदत देणाऱ्याच्या मनावर असते, हिशेब घेणाऱ्याच्या हातात असतो. ज्याने आपली यादी इतक्या निष्ठेने जपली, त्याने गायकांच्या पैशांची खतावणीही तितक्याच निष्ठेने ठेवायला हवी होती. फोकवेजचा आदर्श घ्यायचा तर ही बाजू वगळून घ्यावा.

मृत्युपत्रापेक्षा मोठी अट

वय झाल्यावर ॲशना एकच चिंता होती: आपल्यामागे यादीचं काय? एखाद्या मोठ्या कंपनीने विकत घेतली तर खपणारी शंभर नावं ठेवून बाकीची ती मोडीत काढणार, हे उघड होतं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले लोकसंस्कृतीचे अभ्यासक राल्फ रिंझलर यांच्याशी बोलणी सुरू झाली. ऑक्टोबर १९८६ मध्ये ॲश वारले. १९८७ मध्ये कुटुंबाने कंपनी स्मिथसोनियनला विकली ती एका अटीवर: २,१६८ पैकी प्रत्येक रेकॉर्ड लोकांना कायम मिळत राहिली पाहिजे. बेडकांचीसुद्धा.

खरेदीच्या पैशांसाठी १९८८ मध्ये गथ्री आणि लेडबेली यांच्या गाण्यांचा एक संच निघाला. त्यात डिलन, ब्रूस स्प्रिंगस्टीन, यूटू, विली नेल्सन गायले. पहिले संचालक झाले मानववंशशास्त्रज्ञ अँथनी सीगर, पीट यांचे पुतणे. अट पाळायची कशी, याचं त्यांनी काढलेलं उत्तर साधं होतं: कुणी दुर्मीळ रेकॉर्ड मागितली की तेवढीच एक कॅसेट भरून, पुस्तिकेची छायाप्रत जोडून पाठवायची. पुढे कॅसेटच्या जागी सीडी आली, मग डिजिटल प्रत. पुढे या संस्थेने जगभरचं संगीत ऑनलाइन द्यायचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा भारतातून गुरुग्रामच्या संगीत-मानववंशशास्त्र अभिलेखागाराला सोबत घेतलं.

आपली यादी कुठे आहे?

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरचे आवाज भरलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली. तिच्यात गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ही निवड रॉबर्ट ब्राउन या अभ्यासकाने सुचवली, तेव्हा ती रेकॉर्ड बाजारात मिळतच नव्हती. तबकडीच्या समितीतल्या अ‍ॅन ड्रुयन यांनी न्यूयॉर्कची दुकानं पालथी घातली, आणि शेवटी एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात तिच्या प्रती सापडल्या. व्हॉयेजर-१ ने ५ सप्टेंबरला उड्डाण केलं, केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. मानवजातीच्या वतीने ताऱ्यांकडे पाठवावी अशी रेकॉर्ड दुकानात मिळू नये, हे मला आजही बोचतं.

आपल्याकडे छोट्या कंपन्या नव्हत्या असं नाही. मुंबईत वडाळ्याला कारखाना असलेली 'यंग इंडिया' ही कंपनी १९३५ ते १९५५ अशी वीस वर्षं चालली आणि बंद पडली. तिच्या रेकॉर्ड संग्राहकांनी जुन्या बाजारांतून वेचल्या. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेतून त्यांचं डिजिटल जतन केलं. कंपनीने जे करायचं ते पन्नास वर्षांनी छंदिष्टांना करावं लागलं. कॅसेटच्या काळात पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने शास्त्रीय गायनाच्या ज्या कॅसेट काढल्या, त्या आजही अनेक घरांत जिवापाड जपलेल्या आढळतात. आणि हेमा राईरकर व गी पॉयटव्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जमवलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या, त्यांतल्या कित्येक बायकांच्या मूळ आवाजासह, आज 'परी' या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुल्या आहेत. ओवी, तिचा अर्थ, गाणारीचं नाव आणि गाव असं सगळं जिथल्या तिथे. फोकवेजच्या पुस्तिकेचं काम मराठीत कुणी केलं असेल तर ते इथे.

आज नवी कंपनी काढणाऱ्यांना ॲशच्या वेळची अडचणच उरलेली नाही. ठसे नकोत, पुठ्ठा नको, गोदाम नको. गाणं उपलब्ध ठेवायला जवळजवळ खर्च येत नाही. म्हणून न ठेवण्याला सबबही नाही. ज्यांना खरंच असं काही उभं करायचं आहे त्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिल्या दिवसापासून क्रमांक घालून यादी ठेवा आणि तिच्यातून काही गाळू नका. प्रत्येक मुद्रणाबरोबर गायक, साथीदार, गाव, तारीख आणि शब्द लिहून ठेवा. कलावंताशी लेखी करार करा आणि हिशेब त्याला वर्षाच्या वर्षाला दाखवा, रक्कम शंभर रुपये असली तरी. आणि आपल्यानंतर हे कुणाच्या हाती जाईल ते आपल्या हयातीत, अटीसकट, ठरवा.

वाचकांकडेही मागणं आहे. तुमच्या माळ्यावर एखाद्या कीर्तनकाराची, शाहिराची, गोंधळ्याची, गावच्या भजनी मंडळाची किंवा आजीच्या ओव्यांची कॅसेट असेल तर या दिवाळीत ती खाली काढा. तिच्यावर कोण, कुठे, केव्हा हे लिहा, कारण हे सांगणारी माणसं फार दिवस राहणार नाहीत. मग ती डिजिटल करून घ्या आणि एक प्रत एखाद्या अभिलेखागाराला किंवा विद्यापीठाच्या संगीत विभागाला द्या. आणि एखादी छोटी मराठी कंपनी अशी कुणाची रेकॉर्ड काढत असेल, तर ती फुकट मागू नका, विकत घ्या.